ग्रंथाचा पत्ता

प्रस्तावना

आपल्याला हवे असलेले पुस्तक ग्रंथालयात आहे की नाही, हे कसे कळते? लहान ग्रंथालयात ग्रंथपालांना विचारले की काम भागते. परंतु जेथे हजारो ग्रंथ असतात, तेथे एका माणसाची स्मरणशक्ती पुरी पडत नाही. म्हणून प्रत्येक ग्रंथाची नोंद करून ठेवावी लागते. अशा नोंदींच्या व्यवस्थित मांडणीला ‘तालिका’ म्हणतात आणि ती तयार करण्याच्या कामाला ‘तालिकीकरण’ म्हणतात.

पूर्वी ही तालिका जाड कागदाच्या कार्डांवर असे आणि ती कार्डे लाकडी खणांत लावलेली असत. पुढे ती संगणकात गेली. आता ती जगभरातील इतर तालिकांशी जोडली जात आहे. या प्रवासातील एक महत्त्वाचा टप्पा बंगळूर शहरात घडला. प्रस्तुत पाठात या प्रवासाची ओळख करून दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• ग्रंथाच्या नोंदीचे महत्त्व सांगता येईल;
• डॉ. रंगनाथन यांच्या कार्याचे वर्णन करता येईल;
• कृती, अभिव्यक्ती, आवृत्ती आणि प्रत यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करता येईल;
• ‘लिंक्ड डेटा’ म्हणजे काय, हे सोप्या शब्दांत मांडता येईल.

मूळ पाठ

१. वाचक, ग्रंथ आणि मधली नोंद

एक वाचक ग्रंथालयात येतो. लहानपणी ऐकलेल्या एका पुस्तकाचा त्याला शोध आहे. पुस्तकाचे नाव त्याला आठवत नाही. ते आईविषयीचे आहे आणि लेखकाचे आडनाव साने आहे, एवढेच त्याच्या लक्षात आहे. ग्रंथ कपाटात आहे आणि वाचक दाराशी उभा आहे. दोघांची गाठ घालून देणारी गोष्ट म्हणजे नोंद. ती नीट असेल, तर काही क्षणांत ग्रंथ वाचकाच्या हाती पडतो. ती सदोष असेल, तर ग्रंथ कपाटात असूनही त्या वाचकापुरता नाहीसा होतो.

ज्याचे शिक्षण मध्येच सुटले, त्याला ही अडचण अधिक जाचते. ग्रंथाचे नेमके नाव किंवा लेखकाचे पूर्ण नाव अशी माहिती त्याच्यापाशी बहुधा नसते. एकदा ‘नाही’ असे उत्तर मिळाले, की पुन्हा विचारण्याचा त्याला संकोच वाटतो. म्हणून तालिकेची परीक्षा विद्वानांच्या सोयीवरून करता येत नाही. अपुरी माहिती घेऊन आलेल्या वाचकाला ती कितपत साहाय्य करते, यावरूनच तिची योग्यता ठरते.

२. रंगनाथन आणि बंगळूर

ही गोष्ट ज्यांनी शास्त्राच्या पायावर उभी केली, ते शियाली रामामृत रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक होते. त्यांचा जन्म १८९२ मध्ये तमिळनाडूतील शियाली या गावी झाला. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि त्याच वर्षी ते ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासासाठी लंडनला गेले. तेथील एका मोठ्या दुकानात त्यांनी ‘मेकॅनो’ नावाचे खेळणे पाहिले. धातूच्या त्याच पट्ट्या आणि तेच स्क्रू-नट वापरून मुले कधी पूल, तर कधी गाडी तयार करीत. रंगनाथन यांच्या मनात विचार आला, की विषयांचेही असेच नाही का? मोजके मूळ घटक वेगवेगळ्या रीतींनी जोडून कोणताही विषय मांडता येईल.

या विचारातून त्यांची वर्गीकरण पद्धती जन्मास आली. घटक जोडण्यासाठी त्यांनी अपूर्णविराम, म्हणजे ‘कोलन’, हे चिन्ह वापरले. म्हणून तिला ‘कोलन वर्गीकरण’ म्हणतात. ती १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. विषयाच्या पाच मूलभूत बाजू त्यांनी पुढे निश्चित केल्या : व्यक्तित्व, द्रव्य, क्रिया, स्थळ आणि काळ. ‘महाराष्ट्रातील उसावरील रोगांचे निवारण’ हा विषय घ्या. मुख्य विषय शेती. ऊस हे व्यक्तित्व, निवारण ही क्रिया आणि महाराष्ट्र हे स्थळ. प्रत्येक विषयात पाचही बाजू असतातच असे नाही. परंतु ज्या असतात, त्या वेगवेगळ्या ओळखता येतात. त्यामुळे उसाच्या बाजूने शोधणाऱ्यालाही हा ग्रंथ सापडतो आणि महाराष्ट्राच्या बाजूने शोधणाऱ्यालाही.

१९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली होती. त्यांचा आशय असा : ग्रंथ जपून ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी असतात, कोणत्याही वाचकाला त्याच्या गरजेचा ग्रंथ मिळाला पाहिजे, कोणताही ग्रंथ वाचकावाचून पडून राहता कामा नये, वाचकाचा वेळ वाया जाऊ नये, आणि ग्रंथालय हे सतत वाढत राहणारे असते, याचे भान ठेवले पाहिजे. ही सूत्रे वाचली म्हणजे लक्षात येते, की कपाटे आणि कार्डे यांच्यापेक्षा रंगनाथन यांचे लक्ष वाचकाकडे अधिक होते.

१९५७ मध्ये ते बंगळूरला स्थायिक झाले. पत्नीच्या नावे त्यांनी १९६१ मध्ये तेथे शारदा रंगनाथन ग्रंथालयशास्त्र निधी स्थापन केला. १९६२ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेच्या आश्रयाखाली बंगळूर येथे प्रलेखन संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. ‘डीआरटीसी’ या आद्याक्षरांनी ते ओळखले जाते. १९७२ मध्ये बंगळूर येथेच रंगनाथन यांचे निधन झाले. त्यांच्यामागे केंद्राचे काम चालूच राहिले. संगणकाचे आणि पुढे इंटरनेटचे युग आले, तेव्हा ग्रंथांची माहिती यंत्राला अर्थासह कशी समजावी, या प्रश्नाचा अभ्यास या केंद्राने हाती घेतला. २००७ च्या फेब्रुवारीत ‘सिमँटिक वेब’ आणि डिजिटल ग्रंथालये या विषयावर तेथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. ‘सिमँटिक वेब’ म्हणजे शब्दांबरोबर त्यांचे अर्थही यंत्राला हाताळता येतील, असे माहितीचे जाळे.

पाठगत प्रश्न १

(अ) रंगनाथन यांना वर्गीकरणाची कल्पना कशावरून सुचली?
(आ) डीआरटीसी हे केंद्र कोणत्या वर्षी आणि कोठे सुरू झाले?

३. नोंद संगणकात गेली

ग्रंथांची नोंद संगणकाला वाचता यावी, यासाठी १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ‘मार्क’ नावाची पद्धती तयार झाली. हेन्रिएटा ॲव्राम या संगणकतज्ज्ञ बाईंनी या कामाचे नेतृत्व केले. या पद्धतीत नोंदीच्या प्रत्येक भागाला क्रमांक असतो. लेखकाचे नाव १०० या क्रमांकाखाली आणि ग्रंथाचे शीर्षक २४५ या क्रमांकाखाली लिहितात. त्यामुळे एका ग्रंथालयाने केलेली नोंद दुसऱ्या ग्रंथालयाला वापरता येऊ लागली. तेच काम पुन्हा पुन्हा करण्याचे कष्ट वाचले.

तरीही एक उणीव राहिली. यंत्राच्या दृष्टीने १०० या क्रमांकापुढील नाव म्हणजे केवळ अक्षरांची एक ओळ होती. एका नोंदीत ‘साने गुरुजी’, दुसरीत ‘पांडुरंग सदाशिव साने’ आणि तिसरीत रोमन लिपीतील नाव असेल, तर ही तीन नावे एकाच व्यक्तीची आहेत, हे यंत्र आपण होऊन ओळखू शकत नव्हते.

भारतीय नावांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष बिकट होतो. ‘पांडुरंग सदाशिव साने’ या मराठी नावात शेवटचा शब्द आडनाव आहे. ‘शियाली रामामृत रंगनाथन’ या नावात मात्र पहिला शब्द गावाचा, दुसरा वडिलांच्या नावाचा आणि तिसरा स्वतःच्या नावाचा आहे. शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, असा एकच नियम यंत्राला शिकवला तर तो एका नावाला लागू पडेल आणि दुसऱ्याच्या बाबतीत चुकेल. निरनिराळ्या समाजांत नावे लिहिण्याच्या रीती भिन्न असतात, याकडे रंगनाथन यांनी आपल्या तालिकीकरणाच्या नियमांत लक्ष वेधले होते.

४. ग्रंथ म्हणजे नेमके काय?

‘मी श्यामची आई वाचली’ असे कोणी म्हटले, तर त्याने नेमके काय वाचले? साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात असताना १९३३ मध्ये ही कथा लिहिली आणि १९३५ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यानंतर तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि अन्य भाषांत अनुवाद झाले. आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये तिच्यावर चित्रपट काढला. त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. २०२३ मध्ये याच नावाचा आणखी एक चित्रपट आला. या सर्वांचे नाव एकच असले, तरी त्या सर्व एकाच प्रकारच्या वस्तू नाहीत.

हा गुंता सोडवण्यासाठी ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे ‘इफ्ला’ या संस्थेने, १९९८ मध्ये एक प्रतिमान मांडले. प्रतिमान म्हणजे एखाद्या व्यवहारातील घटक आणि त्यांचे परस्परसंबंध दाखवणारा आराखडा. या प्रतिमानात चार पायऱ्या आहेत. लेखकाच्या मनातून उतरलेली निर्मिती ही ‘कृती’. ती विशिष्ट शब्दांत आणि विशिष्ट भाषेत प्रकट होते, ती ‘अभिव्यक्ती’. मूळ मराठी संहिता ही एक अभिव्यक्ती आणि इंग्रजी अनुवाद ही दुसरी. एखादी अभिव्यक्ती छापून प्रसिद्ध होते, ती ‘आवृत्ती’. आणि वाचकाच्या हातात पडते, ती एक ‘प्रत’. चित्रपट मात्र स्वतंत्र कृती मानला जातो. मूळ कथेशी त्याचा संबंध रूपांतराचा असतो.

इफ्लाने आपली अशी निरनिराळी प्रतिमाने २०१७ मध्ये एकत्र आणली. त्या एकत्रित प्रतिमानात वाचकाची पाच कामे सांगितली आहेत : शोधणे, ओळखणे, निवडणे, मिळवणे आणि एका ग्रंथावरून दुसऱ्याकडे जात धुंडाळणे. रंगनाथन यांच्या सूत्रांशी ही कामे ताडून पाहिली, तर दोन्हींचा रोख सारखाच असल्याचे दिसते.

५. नावाऐवजी पत्ता

पोस्टमन केवळ नावावर पत्र पोहोचवू शकत नाही; एकाच नावाची दोन माणसे असू शकतात आणि एकाच माणसाला दोन नावांनी हाका मारल्या जातात. म्हणून पत्ता लागतो. हाच उपाय माहितीच्या बाबतीत करता येतो. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये यासंबंधी चार सूचना मांडल्या. त्यांचे तात्पर्य असे : प्रत्येक वस्तूला, व्यक्तीला आणि कल्पनेला स्वतंत्र ओळख द्यावी, ही ओळख वेबवरील पत्त्याच्या स्वरूपात असावी, त्या पत्त्यावर गेले असता उपयुक्त माहिती ठरलेल्या पद्धतीने मिळावी, आणि त्या माहितीत इतर पत्त्यांकडे नेणारे दुवे असावेत. अशा रीतीने जोडलेल्या माहितीला ‘लिंक्ड डेटा’ म्हणतात.

ही माहिती लहान लहान विधानांच्या रूपाने लिहितात. प्रत्येक विधानाचे तीन भाग असतात. मराठी व्याकरणात आपण उद्देश्य आणि विधेय शिकतो. येथे विधेयाचे पुन्हा दोन भाग पडतात : संबंध आणि ज्याच्याशी तो संबंध आहे ती गोष्ट. उदाहरणार्थ,

श्यामची आई — हिचे लेखक — साने गुरुजी.
श्यामची आई हा १९५३ चा चित्रपट — याचा आधार — श्यामची आई ही कथा.
तिरुक्कुरळचा एक मराठी अनुवाद — याचे अनुवादक — साने गुरुजी.

या विधानांतील प्रत्येक भागाच्या जागी प्रत्यक्षात एकेक पत्ता असतो. पहिल्या आणि तिसऱ्या विधानात साने गुरुजींचा पत्ता एकच आहे. म्हणून ‘श्यामची आई’ शोधणारा वाचक तिरुक्कुरळ या तमिळ ग्रंथाच्या मराठी अनुवादापर्यंत पोहोचू शकतो. ही दोन विधाने दोन वेगवेगळ्या शहरांतील ग्रंथालयांनी लिहिलेली असली, तरी चालते. नाव देवनागरीत लिहा किंवा रोमन लिपीत, पूर्ण लिहा किंवा संक्षेपाने. ती सर्व त्या एका पत्त्याला लावलेली नावे ठरतात. पाठाच्या आरंभी भेटलेल्या वाचकाला ‘साने’ एवढ्या शब्दावरून त्याचे पुस्तक मिळू शकते, ते यामुळेच.

स्वीडनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००८ मध्ये आपली देशव्यापी तालिका या पद्धतीने खुली केली. पुढील वर्षी लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या विषयशीर्षकांची सूची अशीच उपलब्ध केली.

६. प्रतिमानाचेही प्रकाशन

नोंदी जोडण्यापूर्वी आणखी एक काम करावे लागते. एका ग्रंथालयाचा ‘कर्ता’ आणि दुसऱ्याचा ‘लेखक’ या दोन शब्दांचा अर्थ एकच आहे, हे यंत्राला कोण सांगणार? एकाने ‘आवृत्ती’ म्हणजे नव्याने सुधारलेला मजकूर मानला आणि दुसऱ्याने केवळ पुन्हा छापलेले पुस्तक मानले, तर नोंदी जोडूनही घोटाळाच होईल.

यासाठी नोंदींबरोबर प्रतिमानही लिंक्ड डेटाच्या स्वरूपात प्रसिद्ध करतात. इफ्लाने आपल्या प्रतिमानातील प्रत्येक घटकाला आणि प्रत्येक संबंधाला वेबवर पत्ता दिला आहे. ‘कृती’ या कल्पनेच्या पत्त्यावर गेले, की तिची व्याख्या मिळते आणि इतर घटकांशी तिचे नाते कळते. माणसाला ती वाचता येते आणि यंत्रालाही. एखाद्या देशाने आपले वेगळे प्रतिमान वापरले, तरी ‘आमची ही कल्पना तुमच्या त्या कल्पनेशी जुळते’ असे विधान करून दोन्ही जोडता येतात. भाषेच्या दृष्टीने पाहिले, तर हे शब्दकोश सर्वांसाठी खुला ठेवण्यासारखे आहे. शब्दांचे अर्थ ठरलेले असले, तरच दोन अपरिचित माणसांत संवाद होतो.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. चुकीचा दुवा दिला गेला, तर ती चूकही दूरवर पसरते. ज्या संगणकावर पत्ते ठेवले, तो बंद पडला तर दुवे तुटतात. म्हणून पत्ते टिकवण्याची जबाबदारी कोणीतरी दीर्घकाळ स्वीकारावी लागते. एकाच नावाचे दोन लेखक वेगळे आहेत की एकच, याचा निर्णय अखेर जाणकार ग्रंथपालालाच करावा लागतो.

७. मराठी ग्रंथांचे काय?

मराठीत ग्रंथसूचीची परंपरा जुनी आणि कष्टाची आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची तयार केली आणि नंतर १९३८ ते १९५० या काळाचीही सूची सिद्ध केली. संगणक नसलेल्या काळात ग्रंथ पाहून आणि नोंदी पडताळून केलेले हे काम आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडते. मात्र छापील सूचीतील नोंद त्या पानावरच थांबते. तिला पत्ता मिळाला, तरच ती जगातील इतर नोंदींशी जोडली जाऊ शकते.

बंगळूरसारख्या शहरात कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, मराठी अशा अनेक भाषा बोलणारे लोक एकत्र राहतात. अशा ठिकाणी मराठी पुस्तकाची नोंद केवळ रोमन लिपीत, जमेल तशा वर्णरचनेने केली गेली, तर देवनागरीत शोधणाऱ्या वाचकाला ते पुस्तक सापडणार नाही. उलट, त्या नोंदीला लेखकाचा आणि कृतीचा पत्ता जोडलेला असेल, तर कोणत्याही लिपीतून केलेला शोध तेथपर्यंत पोहोचेल. यंत्राची रचना कोणत्याही देशात होवो. मराठी लेखकांची नावे, टोपणनावे, ग्रंथांचे संबंध आणि संकल्पनांची मराठी नावे ही माहिती मात्र मराठी जाणणाऱ्यांनीच पुरवली पाहिजे. ती पुरवली नाही, तर जगाच्या तालिकेत मराठी ग्रंथ असूनही नसल्यासारखे होतील.

मेकॅनोच्या पट्ट्या पाहून रंगनाथन यांना सुचलेला विचार आणि आजचा लिंक्ड डेटा यांची साधने निराळी आहेत. परंतु सुटे घटक स्पष्ट ओळखावे आणि ते नीट जोडावे, हे दोहोंचे सूत्र समान आहे. त्यामागचा हेतूही समान आहे : दाराशी आलेला वाचक रिकाम्या हाताने परत जाऊ नये.

आपण काय शिकलो?

• तालिकेतील नोंद हा वाचक आणि ग्रंथ यांना जोडणारा दुवा आहे.
• रंगनाथन यांनी विषयाच्या बाजू वेगवेगळ्या ओळखून त्या जोडण्याची पद्धती दिली. त्यांच्या कार्याचा उत्तरार्ध बंगळूर येथे घडला.
• कृती, अभिव्यक्ती, आवृत्ती आणि प्रत या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत.
• लिंक्ड डेटामध्ये वस्तूंना, व्यक्तींना आणि संबंधांना वेबवरील पत्ते देऊन माहिती जोडली जाते. प्रतिमानेही याच रीतीने प्रसिद्ध केली जातात.

शब्दार्थ

प्रलेखन — माहितीच्या साधनांची पद्धतशीर नोंद व मांडणी
प्रतिमान — घटक व त्यांचे संबंध दाखवणारा आराखडा
संहिता — ग्रंथाचा मूळ मजकूर
सिद्ध करणे — पूर्णत्वास नेणे
रोख — दिशा, कल

स्वाध्याय

१. ‘ग्रंथ कपाटात असूनही त्या वाचकापुरता नाहीसा होतो.’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. ‘श्यामची आई’ या उदाहरणाच्या साहाय्याने कृती आणि अभिव्यक्ती यांतील फरक लिहा.
३. प्रतिमान प्रसिद्ध करण्याची आवश्यकता का भासते?
४. तुमच्या आवडत्या पुस्तकाविषयी, पाठात दाखवल्याप्रमाणे, तीन भागांची चार विधाने तयार करा.
५. जवळच्या ग्रंथालयास भेट द्या. एखादे मराठी पुस्तक तालिकेत लेखकाच्या नावावरून, शीर्षकावरून आणि विषयावरून शोधा. आलेल्या अनुभवाचे वर्णन दहा ते बारा ओळींत करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) मेकॅनो या खेळण्यावरून. (आ) १९६२ मध्ये, बंगळूर येथे.